मिठाची खतावणी : उच्च रक्तदाब आणि आपला आहार

बँकेच्या कोणत्याही शाखेत दुपारच्या चहाच्या वेळी ज्या गप्पा होतात, त्यांत बदल्या, महागाई भत्ता आणि 'बीपी' हे तीन विषय हमखास येतात. पहिल्या दोन विषयांत आपण सारेच तज्ज्ञ असतो. तिसऱ्याच्या बाबतीत मात्र बहुतेकांची भिस्त ऐकीव माहितीवर असते. कोणी लसणाच्या पाकळ्या सुचवितो, कोणी सैंधव, तर कोणी 'गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही, म्हणून सुरूच करू नका' असा सल्ला देतो. यांतील शेवटचा सल्ला किती महागात पडू शकतो, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी. परंतु काउंटरच्या अलीकडील आणि पलीकडील अनेकांशी बोलल्यानंतर ती आहे असे वाटू लागले, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रस्तुत लेखिका वैद्यक शाखेची नाही, वाणिज्य शाखेची आहे, हे आरंभीच नमूद केलेले बरे. रोगनिदान आणि औषधयोजना हा डॉक्टरांचा प्रांत आहे. परंतु उच्च रक्तदाब आणि आहार यांचा संबंध पाहू गेल्यास तो बऱ्याच अंशी जमाखर्चाचा विषय आहे, आणि जमाखर्चाविषयी बँकेतील माणसाने दोन शब्द लिहावयास हरकत नसावी.

चेन्नईचा ताळेबंद

बदलीने चेन्नईस आल्यावर एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात आली. या शहरातील नागरिकांच्या प्रकृतीची नोंद जितक्या काटेकोरपणे झाली आहे, तितकी आपल्या देशात फार थोड्या शहरांची झाली असेल. डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन या संस्थेने २००१ साली एक मोठी पाहणी हाती घेतली. 'चेन्नई अर्बन रूरल एपिडेमिऑलॉजी स्टडी' हे तिचे लांबलचक नाव. संक्षेपाने तिला 'क्युअर्स' म्हणतात. शहराच्या निरनिराळ्या प्रभागांतील वीस वर्षे व त्यावरील वयाच्या २६,००१ व्यक्तींपासून तिची सुरुवात झाली. त्यांच्यापैकी २,३५० जणांच्या रक्तदाबाविषयीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. दर पाच जणांत एकास उच्च रक्तदाब होता आणि साठी ओलांडलेल्यांत तर निम्म्याहून अधिक लोकांना तो होता.

यापुढील आकडे अधिक बोलके आहेत. ज्यांना उच्च रक्तदाब होता, त्यांच्यापैकी केवळ ३२.८ टक्के लोकांना त्याची कल्पना होती. कल्पना असलेल्यांपैकी ७०.८ टक्के उपचार घेत होते, आणि उपचार घेणाऱ्यांपैकी ४५.९ टक्क्यांचाच रक्तदाब काबूत होता. आपल्या भाषेत मांडावयाचे तर, शंभर रुग्णांपैकी तेहतीस जणांना आपल्या नावे खाते आहे हे ठाऊक, तेवीस जणांनी हप्ते सुरू केलेले आणि जेमतेम अकरा जणांचे खाते नियमित! उरलेल्या एकोणनव्वद खात्यांत थकबाकी साचत होती, आणि त्यांतील सदुसष्ट खातेदारांना तर आपल्यावर कर्ज आहे याचीच वार्ता नव्हती. वैद्यकशास्त्रात यास 'निम्म्यांचा नियम' म्हणतात : निम्म्यांना माहीत, त्यांतील निम्म्यांवर उपचार, त्यांतील निम्म्यांचा रोग आटोक्यात. चेन्नईत पहिली पायरी निम्म्यापर्यंतही पोहोचली नव्हती.

हे केवळ एका शहराचे चित्र नव्हे. याच संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेसमवेत केलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे.

सदुसष्ट जणांना पत्ता का नसावा, याचे कारण या विकाराच्या स्वभावातच आहे. तो दुखत नाही. डोके दुखले किंवा चक्कर आली की 'बीपी वाढले असेल' असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला असूनही माणसास काहीच जाणवत नाही. दरम्यान रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड व ताठर होत जातात, हृदयाच्या स्नायूवर ताण येतो, मूत्रपिंडातील गाळण्या झिजतात, डोळ्यांच्या पडद्यास इजा पोहोचते. पुष्कळदा पहिली सूचना मिळते ती पक्षाघाताच्या किंवा हृदयविकाराच्या झटक्यानेच. म्हणून वयाच्या तिशीनंतर वर्षातून किमान एकदा, काहीही होत नसताना, रक्तदाब मोजून घेणे अगत्याचे आहे.

आकड्यांचा अर्थ

१८९६ साली इटलीतील रिव्हा-रोच्ची या डॉक्टरांनी दंडाभोवती फुगविण्याचा पट्टा व पाऱ्याची नळी असलेले उपकरण तयार केले. १९०५ साली रशियातील कोरोटकॉफ यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून ऐकू येणाऱ्या आवाजांवरून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे काढण्याची रीत सांगितली. हृदय आकुंचन पावते त्या क्षणाचा दाब हा वरचा आकडा आणि दोन ठोक्यांमधील विश्रांतीच्या वेळचा दाब हा खालचा. १२०/८० च्या आत असणे उत्तम. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा ९० किंवा त्याहून अधिक येत राहिला, तर त्यास आपल्याकडे उच्च रक्तदाब म्हणतात. मधल्या पट्ट्यात असलेल्यांनी निर्धास्त राहू नये. आहारात बदल करून सर्वाधिक लाभ पदरात पाडून घेण्याची संधी असते ती त्यांनाच.

आता मिठाचा संबंध कोठे येतो ते पाहू. मिठातील सोडियम हा घटक शरीरात पाणी धरून ठेवतो. जास्तीचे सोडियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांकडे असते. ते काम त्यांच्या कुवतीबाहेर गेले की रक्तवाहिन्यांतील द्रवाचे प्रमाण वाढते, आणि सोडियम बाहेर ढकलण्यासाठी शरीराला अधिक दाब राखावा लागतो. अशी स्थिती वर्षानुवर्षे राहिली की वाढीव दाब हीच जणू शरीराची सवय बनते. याउलट, फळे, भाज्या आणि डाळी यांतून मिळणारे पोटॅशियम मूत्रपिंडांना सोडियम बाहेर टाकण्यास साहाय्य करते. तात्पर्य, मीठ ही नावेची बाजू आणि भाजीपाला ही जमेची. आपल्या बहुतेकांच्या खात्यात नावेच्या नोंदी भरमसाट आणि जमेच्या तुटपुंज्या असतात.

एक किलोची पिशवी

'क्युअर्स' पाहणीत मिठाचाही हिशेब झाला. चेन्नईकर दररोज सरासरी ८.५ ग्रॅम मीठ खातो, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आढळले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी अशी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही ५ ग्रॅमचीच मर्यादा सांगितली आहे. चेन्नईच्या पाहणीत सर्वांत जास्त मीठ खाणाऱ्या एक-पंचमांश लोकांत उच्च रक्तदाबाचे प्रमाण ४८ टक्क्यांच्या आसपास होते, तर सर्वांत कमी मीठ खाणाऱ्या एक-पंचमांशांत ते सुमारे १७ टक्के होते. एका पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरे. परंतु मीठ कमी केल्यावर रक्तदाब उतरतो हे इतर अनेक प्रयोगांतून निर्विवादपणे दिसून आलेले आहे.

साडेआठ ग्रॅम म्हणजे नेमके किती, आणि आपल्या घरी किती जाते, हे कसे कळावे? त्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेत जावयास नको. मिठाची एक किलोची पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख लिहावी आणि ती संपेल त्या दिवशी दिवस मोजावेत. चार माणसांच्या कुटुंबात एक किलो मीठ महिन्याभरात संपत असेल, तर एक हजार ग्रॅम भागिले एकशेवीस, म्हणजे माणशी रोज ८.३ ग्रॅम झाले. चेन्नईच्या सरासरीच्या अगदी शेजारी! पाच ग्रॅमच्या हिशेबाने त्याच कुटुंबास महिन्याला सहाशे ग्रॅम पुरावयास हवेत. एक किलोची पिशवी पन्नास दिवस टिकली पाहिजे. घरी दोघेच असतील तर शंभर दिवस. लोणचे घालण्यास वा गुळण्या करण्यास वापरलेले मीठ वजा करावे. उलटपक्षी बाहेरचे जेवण, फरसाण, पाव, बिस्किटे यांतील मीठ या हिशेबात आलेलेच नसते, तेव्हा त्याची तरतूद म्हणून पिशवी पन्नास दिवसांहूनही अधिक टिकावी अशी अपेक्षा ठेवावी.

ही युक्ती आपल्याकडे उपयोगी पडते, त्यास कारण आहे. पाश्चात्त्य देशांत सुमारे तीन-चतुर्थांश मीठ कारखान्यांत तयार झालेल्या खाद्यपदार्थांतून पोटात जाते. तेथील गृहिणीच्या हाती फारसे काही राहत नाही. आपल्याकडील मिठाचा मोठा हिस्सा आजही घरच्या स्वयंपाकातच पडतो. किल्ली आपल्याच फडताळात आहे.

मिठाचा हिशेब आपण ठेवत नाही, कारण ते स्वस्त आहे. १९३० साली याच मिठावरील करासाठी गांधीजी दांडीला गेले, राजाजींनी तिरुचिरापल्लीहून वेदारण्यमपर्यंत पदयात्रा काढली आणि आपल्या कोकणात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. ज्या वस्तूसाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या, ती आता इतकी स्वस्त झाली आहे की वाणसामानाच्या यादीत तिची किंमत कोणी पाहतही नाही. साखरेला वा तेलाला जो चाप महागाईने लागतो, तो मिठाला लागत नाही.

दोन ताटे

केळीच्या पानावर वाढल्या जाणाऱ्या तामिळ जेवणात पानाच्या डाव्या टोकाशी चिमूटभर मीठ वाढतात. आपल्या ताटातही मिठाची जागा पहिली. दोन्ही प्रांतांच्या रीतीत असे साम्य असले, तरी मीठ शिरण्याच्या वाटा थोड्या वेगळ्या आहेत.

सकाळच्या इडलीचेच उदाहरण घेऊ. इडली हा वाफवलेला, पचावयास हलका पदार्थ, म्हणून आपण निश्चिंत असतो. परंतु इडलीच्या पिठात मीठ, सांबारात मीठ, चटणीत मीठ आणि वर तेलात कालवलेली 'मिळगाय पोडी' असेल तर तिच्यातही मीठ. एकाच न्याहारीत चार नोंदी झाल्या. दुपारी सांबारभात, रस्समभात आणि दहीभात असा क्रम. दहीभाताबरोबर लोणचे, अप्पळम म्हणजे पापड, अथवा ताकात मुरवून वाळवलेली मिरची. तिला येथे 'मोर मिळगाय' म्हणतात आणि आपण सांडगी मिरची म्हणतो. चमचाभर लोणच्यातून एक ग्रॅमच्या आसपास मीठ सहज पोटात जाऊ शकते, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा पाचवा हिस्सा संपला. पापडात मिठाखेरीज पापडखार असतो, त्यातही सोडियमच. खाण्याचा सोडा घातलेले पदार्थ आणि पित्तावर घ्यावयाच्या फसफसणाऱ्या पुड्या यांचाही हिशेब याच खात्यात धरावा लागतो.

एका बाबतीत मात्र तामिळ स्वयंपाकघराचे अनुकरण करण्यासारखे आहे. येथे भात सामान्यतः अळणी शिजवतात. आपल्याकडे भातात मीठ, पोळीच्या कणकेत मीठ, भाकरीबरोबर ठेचा आणि शिवाय ताटात मीठ. भात आणि कणीक या दोन ठिकाणचे मीठ बंद केल्यास भाजी-आमटीच्या चवीत काडीमात्र फरक पडत नाही. सुरुवात येथूनच करावी. तंजावरी मराठी घरांतून दोन्ही परंपरा गेली तीनशे वर्षे एकत्र नांदत आहेत. कोणती सवय कोणाकडून घ्यावी, एवढेच आपण ठरवावयाचे.

जिभेची समजूत काढणे अवघड नाही, मात्र घाई करू नये. एकदम अर्धे मीठ केल्यास दुसऱ्या दिवशी घरात असंतोष होतो आणि प्रयोग तेथेच संपतो. दर आठवड्यास थोडे थोडे कमी केले तर काही आठवड्यांत जीभ नव्या चवीला सरावते. मग पूर्वीचाच पदार्थ खारट लागू लागतो. मीठ चिमटीने वा अंदाजाने न घालता एकच ठरावीक चमचा बरणीत ठेवावा. लिंबू, चिंच, कोकम, मिरे, जिरे, कढीपत्ता, आले यांनी चव भरून निघते. रस्समात मिरे-जिरे थोडे सढळ हाताने घातल्यास मीठ कमी झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

'येथे घाम फार येतो, म्हणून मीठ जास्त हवे' हे वाक्य चेन्नईत वारंवार ऐकावयास मिळते. उन्हात दिवसभर अंगमेहनत करणाऱ्याची गोष्ट वेगळी. वातानुकूलित शाखेत बसून काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना साडेआठ ग्रॅम मिठाची गरज घामामुळे निर्माण होते, असे म्हणणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय. त्यांनी ताक प्यावे, पण अळणी प्यावे.

सैंधवाविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. सैंधव, काळे मीठ, समुद्री मीठ यांचे रंग व चवी निराळ्या असल्या, तरी त्यांतील मुख्य द्रव्य सोडियम क्लोराइड हेच आहे. 'आम्ही सैंधव वापरतो' म्हणून प्रमाण वाढविल्यास रक्तदाबाला त्याचा काहीही उपयोग होत नाही. शिवाय त्यात आयोडीन मिसळलेले नसेल तर तेवढा तोटाच. खरोखर वेगळे असते ते 'कमी सोडियमचे मीठ'. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. चीनमधील सहाशे गावांत सुमारे एकवीस हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. मात्र ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, अथवा जे शरीरात पोटॅशियम साठविणारी औषधे घेतात, त्यांना हेच मीठ घातक ठरू शकते. रक्तदाबाच्या काही नित्याच्या गोळ्याही या प्रकारात मोडतात. तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज हा बदल करू नये.

बाजारातील पुड्यांच्या बाबतीत पाठीमागील बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावावी. कर्जाच्या कागदपत्रांतील बारीक अक्षरे वाचा असे आपण ग्राहकांना सांगतोच! तेथे मीठ न लिहिता सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेले असते. त्या आकड्यास अडीचने गुणले की मीठ मिळते. दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅम सोडियम. एखाद्या झटपट शेवयांच्या पाकिटावर किंवा चिवड्याच्या पुडीवर हा हिशेब एकदा करून पाहावा.

जमेची बाजू

केवळ मीठ कमी करून थांबू नये. १९९७ साली अमेरिकेत 'डॅश' नावाच्या आहाराचा प्रयोग प्रसिद्ध झाला. फळे व भाज्या भरपूर, स्निग्धांश काढलेले दूध-दही, अखंड धान्ये, डाळी, दाणे; तूप-लोणी आणि गोड पदार्थ बेताचे. प्रयोगात मीठही घटविले नव्हते आणि वजनही घटू दिले नव्हते. तरीही नेहमीच्या अमेरिकन जेवणाच्या तुलनेत उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ११.४ ने खाली आला. म्हणजे साधारण एका गोळीइतका परिणाम. २००१ साली याच मंडळींनी आहारासोबत मीठही घटवून पाहिले, तेव्हा दोन्ही मिळून सर्वांत चांगला परिणाम दिसला.

यासाठी ब्रोकोली विकत आणण्याचे कारण नाही. कोयंबेडूच्या बाजारात पालेभाज्यांच्या जितक्या जुड्या दिसतात, तितक्या पुण्या-मुंबईकडेही क्वचित दिसाव्यात. येथे पालेभाजीला 'कीरै' म्हणतात आणि कित्येक घरी ती रोज होते. शेवग्याचा पाला, राजगिरा, केळीचा गाभा, दुधी, पडवळ, कोहळा या साऱ्या भाज्या जमेच्या बाजूस पडतात. आपल्याकडे अंबाडी, चाकवत, मेथी, चवळी आहेतच. भाजी उकडून पाणी फेकून दिल्यास त्यातील पोटॅशियम पाण्याबरोबर जाते, हे ध्यानात ठेवावे. केळे, पेरू, शहाळे उत्तम. फक्त मूत्रपिंडाच्या रुग्णांना येथेही डॉक्टरांचा सल्ला आवश्यक. फिल्टर कॉफी सोडावी काय, असे चेन्नईत कोणास विचारण्याचे धाडस मी केलेले नाही! दिवसाला एक-दोन पेल्यांनी बिघडत नाही. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास मात्र ती घेऊ नये.

भाताला उगाचच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर या डॉक्टरांनी १९४० च्या दशकात अतितीव्र रक्तदाबाच्या रुग्णांना प्रामुख्याने भात, फळे व फळांचा रस यांवर ठेवले होते. प्रभावी औषधे नसलेल्या त्या काळात अनेकांचा रक्तदाब उतरला. त्या भातात मीठ जवळजवळ नव्हतेच. असा आहार आज कोणी घेऊ नये, कोणास तो झेपणारही नाही. पण रक्तदाबाच्या बाबतीत भातापेक्षा त्यावर काय वाढले जाते ते अधिक महत्त्वाचे, हे त्यावरून दिसते. भाताचा दोष वेगळा आहे. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ ताटाचा बहुतांश भाग व्यापतो, वजन वाढवितो, मधुमेहास आमंत्रण देतो आणि भाजीला जागा उरू देत नाही. भात एक वाढप कमी आणि भाजी एक वाढप अधिक, इतका फेरफार पुरेसा आहे.

वजन आणि चालणे

स्थूल व्यक्तीने एक किलो वजन घटविल्यास वरचा आकडा साधारणतः एकाने उतरतो. वजनकाट्याहून कमरेचा घेर अधिक सांगून जातो : आशियाई पुरुषांत तो ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांत ८० च्या आत असावा. आठवड्यातून दीडशे मिनिटे भरभर चालण्याने आणखी चार-पाच अंकांचा लाभ होतो. आपल्या नोकरीत दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत जातात. मार्चअखेरीस तर विचारूच नका. त्या पंधरवड्यात रात्रीच्या जेवणाऐवजी भजी-सामोसे आणि झोपेऐवजी ताळेबंद असतो. चेन्नईच्या दमट हवेत उशिरा चालणे होत नाही हे कारण पटण्यासारखे आहे, म्हणून येथील लोक सूर्योदयापूर्वीच मरीना किनाऱ्यावर किंवा मैलापूरच्या नागेश्वरराव उद्यानात हजर होतात. सत्तरीतील आजी-आजोबांना तेथे ज्या वेगाने चालताना पाहावे, त्याने तिशी-चाळिशीतील आपण ओशाळावे.

तंबाखू व धूम्रपान पूर्णपणे बंद, मद्य शक्यतो वर्ज्य. मोठ्याने घोरणे आणि रात्री श्वास अडकून जाग येणे ही लक्षणे असतील तर डॉक्टरांना अवश्य सांगावीत, कारण झोपेतील श्वासरोध हे न उतरणाऱ्या रक्तदाबाचे एक दुर्लक्षित कारण आहे. योगासने व संथ श्वसन यांचा लाभ होतो, तो माफक असला तरी खरा आहे. मात्र रक्तदाब काबूत नसताना शीर्षासनासारखी आसने करू नयेत.

हे सारे उपाय केल्यास वेगवेगळ्या लाभांची बेरीज वहीतल्याप्रमाणे तंतोतंत होत नाही. तरीही वरचा आकडा दहाने उतरला तर पक्षाघाताचा धोका सुमारे एक-चतुर्थांशाने कमी होतो. असा परतावा देणारी दुसरी ठेव योजना निदान माझ्या माहितीत नाही.

गोळीचे काय?

हा प्रश्न निवृत्त ग्राहक सर्वांत आधी विचारतात. पथ्य पाळल्यास गोळी बंद होईल काय? नुकताच सुरू झालेला, सौम्य रक्तदाब असेल, तर काहींच्या बाबतीत डॉक्टर मात्रा घटवितात, क्वचित औषध थांबवितातही. परंतु तो निर्णय त्यांनी, आकडे पाहून घ्यावयाचा असतो. रक्तदाब सामान्य झाला म्हणून आपणच गोळी सोडणे म्हणजे हप्ते वेळेवर जात आहेत म्हणून पुढील हप्ते बंद करणे होय. तो आकडा गोळीमुळेच सामान्य झालेला असतो.

'गोळ्यांपेक्षा झाडपाला बरा' असे म्हणणाऱ्यांना मुंबईची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. सर्पगंधा या आपल्याकडील वनस्पतीच्या मुळाचा उच्च रक्तदाबावरील परिणाम मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पद्धतशीरपणे अभ्यासला आणि १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष त्यामुळे या मुळाकडे वेधले गेले आणि त्यातून वेगळे काढलेले रेसरपिन हे औषध जगभर वापरात आले. परंतु काही रुग्णांत त्याने तीव्र नैराश्य येते असे आढळले आणि अधिक सुरक्षित औषधे मिळाल्यावर त्याचा वापर ओसरला. झाडाचे मूळ आहे म्हणून ते निरुपद्रवी, असे समीकरण नाही.

औषधे सुटण्याचे खरे कारण पुष्कळदा वेगळेच असते : सरकारी दवाखान्यातील रांग, बुडणारी रोजंदारी, संपलेला साठा. तामिळनाडू शासनाने ५ ऑगस्ट २०२१ रोजी 'मक्कळै तेडी मरुत्तुवम', म्हणजे लोकांच्या शोधात निघालेले वैद्यक, या नावाची योजना सुरू केली. त्यानुसार आरोग्य स्वयंसेविका घरोघरी जाऊन रक्तदाब मोजतात आणि रुग्णांना गोळ्या पोहोचवितात. महाराष्ट्रातही भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाखाली प्रथम भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांत सरकारी दवाखान्यांतून रुग्णांची नोंद, ठरावीक औषधे आणि पाठपुरावा यांची घडी बसविण्यात आली. आमच्या घरकामाच्या बाईंच्या सासूबाईंकडे दर महिन्याला येणाऱ्या स्वयंसेविकेमुळे त्यांची गोळी एकदाही चुकलेली नाही, हे त्या अभिमानाने सांगतात. सासूबाईंचे लोणचे मात्र अजून सुटलेले नाही.

घरी यंत्र असल्यास ते दंडावर बांधण्याचे असावे. मोजण्यापूर्वी लघवीस जाऊन यावे, पाठ टेकून पाच मिनिटे स्वस्थ बसावे, पाय जमिनीवर टेकलेले आणि दंड हृदयाच्या पातळीवर असावा. मोजताना बोलू नये. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी सात दिवस सकाळी दोनदा व सायंकाळी दोनदा मोजून वहीत लिहावे, पहिल्या दिवसाचे आकडे वगळावेत आणि उरलेल्यांची सरासरी काढावी. घरच्या मोजणीत ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक आल्यास ती उच्च समजतात. एखादे दिवशी आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि काहीच त्रास होत नसेल, तर थोड्या वेळाने पुन्हा मोजून डॉक्टरांशी त्याच दिवशी संपर्क साधावा. त्याबरोबर छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे किंवा हातापायांतील शक्ती जाणे यांपैकी काहीही जाणवले, तर पुन्हा मोजत बसू नये आणि घरातील जादा गोळीही देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक तामिळनाडूत आणि महाराष्ट्रात एकच आहे.